कुंडखेडचा लाल दोरा

४ नोव्हेंबर १९६३, बुलढाणा

मामांच्या वकिलीच्या कचेरीत मी लिहायला असतो; त्यांनी कागद पुढ्यात टाकला. "वाच मोठ्यानं. यांना इंग्रजी येत नाही." बाकावर कुंडखेडचे चौघं घोंगडी विणणारे. मध्ये सखारामबुवा, सरूचे वडील. मला पाहून हसले. मला हसता आलं नाही. कागद मलकापूरच्या बन्सीशेठच्या वकिलाचा होता.

नोटीस. 'कुंडखेड' हे नाव आणि काठाजवळ आडवा एक लाल दोरा, हा आमच्या दुकानाचा मार्का आहे. मुंबईच्या कचेरीत अर्ज दाखल आहे. सबब या नावाने किंवा तसा दोरा घालून आपण घोंगडी विकू नयेत, विकल्यास... वगैरे.

सखारामबुवा : "म्हंजे गावाचं नाव गावानं घ्याचं नाही?"

मामा : "विकताना नाही."

"मंग कोन्या गावचं म्हनून सांगाचं? उंद्रीचं?"

बाकीचे हसले. चार मैलांवर उंद्री, पण तिथं एकाही घरात माग नाही.

नोटिशीला मार्क्याचं चित्र जोडलंय. घोंगड्याचा कोपरा, काळी वीण, त्यात तो दोरा. चित्र चांगलं आलंय. मी काढलेलं आहे.

कुणाला बोललो नाही.

५ नोव्हें.

मामांनी कायदा समजावला. अर्जाची जाहिरात छापून आली की तीन महिन्यांत कोणीही हरकत घेऊ शकतो. पंचवीस तारखेला मुदत सरते. हरकत नाही घेतली तर नाव शेठचं. मग कुंडखेडच्या माणसानं कुंडखेडचं घोंगडं म्हणून विकलं तर तो चोर.

"सोपं आहे," मामा म्हणाले. "दोरा तुमच्या बापजाद्यापासूनचा आहे, शेठचा नाही, एवढं लिहून द्या. बरं, दोरा टाकता काऊन?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"अहो, काही कारण असेल न?"

"रिवाज हाय," सखारामबुवा.

"कशाचा?"

चौघंही आपापल्या वहाणांकडे पाहायला लागले. मामा चिडले. "रिवाज, रिवाज! शेठ म्हणेल माझाही रिवाज. हाकिमाला कारण लागतं."

ते उठून गेले. मी दौतीत शाई भरत बसलो. दौत भरलेलीच होती.

७ नोव्हें.

लिहून टाकतो, नाहीतर डोकं फुटेल.

ना. पुरं नाव लिहीत नाही, त्यांच्यात गेलेल्याचं नाव घेत नाहीत. सरूचा थोरला भाऊ. चिखलीच्या शाळेत माझ्या बाकावर बसायचा. मॅट्रिकनंतर मी अमरावतीला कॉलेजात, तो मागावर. दोन वर्षांपूर्वी पौषात तापानं गेला. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. मागावर त्यानं अर्धं विणलेलं घोंगडं. सखारामबुवांनी त्याच्या पागोट्यातून एक लाल दोरा उसवला, जिथं त्याचा हात थांबला होता बरोबर तिथं आडवा भरला, आणि पुढं विणायला बसले. कोणी रडत नव्हतं. फक्त मागाचा खटका.

"इथवर तो," म्हणाले. "इथून मी."

असं घोंगडं घरात ठेवत नाहीत. बाजारात नेतात, परक्याला विकतात. घेणाऱ्याच्या अंगावरून मेलेला माणूस पुढच्या वाटेला लागतो. घोंगडं झिजत जातं तसतसा सुटतो. बाई गेली तर तिच्या लुगड्याचा दोरा. घेणाऱ्याला यातलं काही सांगायचं नाही. घेणारे समजतात लाल दोरा म्हणजे पक्क्या हाताचं काम. शोधून शोधून नेतात.

हे मला सरूनं सांगितलं. मेंढ्यांच्या वाड्याशी उभी राहून. त्याआधी ती माझ्याशी कधी एवढं बोलली नव्हती. त्या पंधरवड्यात मी कॉलेज सोडलं. सगळ्यांना कारण माहीत आहे ते इतिहासाच्या सरांचं : माझ्या 'मले-तुले'वर वर्गाला हसवायचे, मी डस्टर फेकलं. डस्टर फेकलं हे खरं. पण परत बोलावत होते, गेलो नाही, हे कोणाला माहीत नाही.

मग बाबांशी भांडण. मग मलकापूर, मामांकडे येण्याआधी बन्सीशेठच्या दुकानात पत्रं लिहायची नोकरी. एके दिवशी गठ्ठा सोडला तर त्यात ते घोंगडं. ओळखलंच. ते पागोटं चिखलीच्या बाजारात मीच पसंत केलं होतं, त्याला डाळिंबी नको होतं, मी घ्यायला लावलं.

शेठ म्हणाले, "या एकाले गिऱ्हाईक जास्त दाम काऊन देते बे?"

आणि मी! मला हुशार दिसायचं होतं. "कुंडखेडची खूण आहे शेठ, लाल दोरा. याचा मार्का करून घेता येतो, कायदा आहे तसा." मामांच्या पुस्तकात वाचलं होतं. दोरा कशाचा ते सांगितलं नाही. तेवढं राखलं, म्हणून स्वतःलाच शाबासकी दिली होती.

अर्ज मी लिहिला. 'ही खूण आमच्या दुकानाने शोधून काढली' हे वाक्य शेठनं सांगितलं, अक्षर माझं. चित्र मी काढलं. नमुन्याला त्याच घोंगड्याचे सहा तुकडे जोडायचे म्हणाले.

कात्री मी चालवली.

११ नोव्हें.

मामांनी कुंडखेडला पाठवलं, जबान्या घेऊन ये म्हणून. चिखलीपर्यंत एस.टी., पुढं उंद्रीपर्यंत दुसरी, मग पायी.

सरू (इथून पुढं नुसतं स.) ओट्यावर लोकर कातायची चाती फिरवत होती. लोकरीची बारीक धूळ तिच्या भुवयांवर. मी एवढंच पाहत राहिलो. जबान्यांचे कागद हातात.

"दिनूभाऊ, घाटावरून चालत आले का काय? तोंड पाहा, कसं सुकलं."

भाऊ म्हणते. गावात सगळेच सगळ्यांना भाऊ म्हणतात, पण तिच्या तोंडून तो शब्द वीट डोक्यात बसावी तसा बसतो.

"सरू, कोणी लिहून देईल का दोऱ्याचं?"

"नाही."

"मग नाव जाईल गावाचं."

"जाईन." थोडं थांबून : "तुमाले तर माईत हाय न सारं. तुम्हीच काऊन नाही लिहीत?"

ओठांवर आलं होतं सगळं. पाणी मागितलं. पाणी प्यालो आणि निघालो.

१३ नोव्हें.

थंडी पडली. बुलढाण्याची थंडी, पठारावरची. सकाळी जो तो घोंगड्याची खोळ डोक्यावरून घेऊन चालतो. तोंड दिसत नाही. फक्त पाठी.

आज कोर्टाच्या रस्त्यानं एक पाठ पुढं चालली होती. डावा खांदा किंचित उतरलेला, ना.चा होता तसा. दप्तर एकाच खांद्याला लावून झालेला. मी मागं लागलो. तो भरभर चालला, मी भरभर. पाण्याच्या टाकीशी तो गर्रकन वळला. म्हातारा, तोंडात दात नाही.

"काय पाह्यतं बे? उधारी हाय का तुही?"

लोक हसले. मीपण हसलो. पण त्या घोंगड्याचा एक कोपरा कापलेला होता. किंवा उंदरानं खाल्लेला असेल. नीट पाहायची हिंमत झाली नाही.

१४ नोव्हें.

आज तीन पाठी. कचेरीच्या खिडकीकडे पाठ करून बसलो तर मामा म्हणतात, उजेडात बस, अक्षर वाकडं येतंय.

१६ नोव्हें.

मलकापूरला जाऊन आलो. मामांना दात दुखतो सांगितलं.

शेठच्या दुकानामागं दोन बाया शिवणयंत्रावर बसलेल्या. बाहेरून आलेली गिरणीची कांबळी. एकेकाच्या काठाला लाल दोरा मारून फेकत होत्या. प्रत्येकाला. गठ्ठे छताला लागलेले.

तोंडातून निघून गेलं, "एवढी माणसं मेली कधी?"

यंत्रं थांबली. शेठनं चष्म्यावरून पाहिलं. "आत्ता बोलला तू खरं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तीस वर्षं झाले बाजारात बसतो, दिनकर. बाकी घोंगडं विकलं की बाई आशीर्वाद देते, पुन्हा या म्हनते. लाल दोऱ्याचं विकलं की पाठ फिरवते, मागं पाह्यत नाही. तवाच समजलो. तू नाही सांगतलं म्हनून तुले वाटलं मी बुद्दू हावो."

म्हटलं, अर्ज मागं घ्या.

"काऊन? हरकत घ्या न. मुंबईच्या सायबाले लिहून सांगा का हा मेलेल्याचा दोरा हाय. मार्का तुमाले परत भेटते, मी कुठं नाही म्हनतो? मंग पाहू तुमचं घोंगडं कोन पांघरते ते." आणि त्या बायांना म्हणाले, "चालू द्या. याले चहा पाजा."

मी गठ्ठ्याला लाथ मारली. सगळा ढीग कोसळला. बाया ओरडत पळाल्या. कॉलेजात डस्टर, इथं लाथ. दुसरं काही येत नाही मला.

परत येताना एस.टी.त समजलं, शेठनं खोटं काहीच सांगितलं नाही. लिहिलं तर नाव राहील आणि बाजार जाईल. नाही लिहिलं तर बाजार राहील, पण दुसऱ्याच्या नावाचा. कुंडखेडात मागाशिवाय आहे काय? खडक.

१७ नोव्हें.

मामांना सगळं सांगितलं. चित्र, अर्ज, कात्री.

मामांनी चष्मा काढला. "गाढवा," म्हणाले, अगदी हळू. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग वकील जागा झाला. "तुझ्या एकट्याच्या जबानीनं त्याचा अर्ज पडतो. ज्यानं अर्ज लिहिला तोच सांगतो की वाक्य खोटं. यापेक्षा काय पाहिजे? पण मोघम चालणार नाही. दोरा कोणाचा, कशातला, कोणी घातला, तुला कसं माहीत. नावानिशी."

"नावानिशी?"

"नावानिशी. आणि आधी त्या माणसांना तोंडानं सांगून ये. कागदावरून त्यांना कळता कामा नये."

१९ नोव्हें., कुंडखेड

सांगितलं. अंगणात, सखारामबुवा आणि स. दोघांना. दुपार. मेंढ्या चरायला गेलेल्या, अंगण रिकामं.

स. : "कात्री कोनं चालवली?"

"मी."

"किती तुकडे?"

"सहा."

"अन् ते कुठं हायेत?"

"मुंबईला. कचेरीत. फायलीत टाचलेले."

चाती थांबली. "म्हंजे तो वाटेले लागलाच नाही. कपाटात बसून राह्यला."

बुवा जमिनीकडे पाहत म्हणाले, "त्याले बसाची सवय नव्हती."

मला मारलं असतं तर! मी तर मार खायच्या तयारीनं गेलो होतो. वाटेत ठरवलं होतं, हात वर करायचा नाही. कोणी मारलं नाही. स. उठून आत गेली, पाण्याचा तांब्या आणून माझ्यासमोर ठेवला, आणि परत आत गेली.

संध्याकाळी बिरोबाच्या पारावर गाव जमलं. बुवांनीच सांगितलं सगळं, मला बोलू दिलं नाही. एक पोक्त माणूस म्हणाला, "लिहिलं तं घोंगडं कोन घेईन? लोक म्हनतीन भुताचं हाय." दुसरा : "नाही लिहिलं तं काय म्हनून विकू? बेवारशी म्हनून?" तिसऱ्यानं तोडगा काढला, "दोरा टाकनंच बंद करा न आजपासून. झगडाच नाही."

बायकांमधून स.चा आवाज : "मंग मेलेल्याईले काय घरातच बसवता? जागा हाय का?"

पारावर हसू फुटलं, आणि लगेच विझलं.

शेवटी ठरलं ते असं. कोणी अंगठा देणार नाही. कोणी आडवंही येणार नाही. "तुह्या हातानं गेलं," सखारामबुवा मला म्हणाले, "तुह्या हातानं लिही, नाही तं नको लिहू. आमी काई म्हननार नाही."

याच्यापेक्षा शिव्या बऱ्या.

२० नोव्हें.

पहाटे निघताना स. वाड्याशी होती. म्हटलं, "तू सांग. लिहू?"

"मी लिहा म्हनलं अन् बाजार बसला, तं माह्या सांगन्यानं बसला. नको म्हनलं अन् नाव गेलं, तं माह्या भेवानं गेलं. दोनी पापं माह्याच डोक्यावर काऊन?"

"मी तुझ्यासाठीच..."

"ते नोका बोलू आता."

आज भाऊ म्हणाली नाही. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं पदरात पडलं.

उंद्रीपर्यंत धुकं. मागून पावलं वाजत होती. वळून पाहिलं नाही. थांबलो की थांबत. एकदा मोठ्यानं म्हटलं, "ये न मग, बरोबर चाल." कोणी आलं नाही. पण पावलं मग वाजली नाहीत, याचं जास्त वाईट वाटलं.

२१ नोव्हें.

लिहिलं.

मामा टाइप करत होते, मी सांगत होतो. मयताचं नाव? कागदावर लिहून सरकवलं. नामदेव सखाराम, राहणार कुंडखेड. मामांनी यंत्रावर एकेक अक्षर दाबलं. दोन वर्षांनी ते नाव कुठंतरी उमटलं, तेही इंग्रजीत.

वय? गेला तेव्हा वीस. व्यवसाय? विणकर. आपणास सदर दोरा कशावरून ओळखू आला? पागोटं मी निवडलं होतं.

"याच्यावर शेठ तुला फसवणुकीत ओढू शकतो," मामा म्हणाले. "अक्षर तुझं आहे. बाहेर एक चक्कर मारून ये, मग सही कर."

चक्कर मारली. तळ्यापर्यंत गेलो. विचार काही केला नाही. येऊन सही केली.

शेवटी मामांनी एक ओळ आपल्या मनानं घातली : अर्जासोबतचे घोंगड्याचे सहा नमुने मयताच्या कुटुंबास परत मिळावेत. "असं कोणी मागत नाही," म्हणाले. "देतील असंही नाही. पण घालतो."

रजिस्टरनं गेलं. शेठच्या नोटिशीला उत्तर म्हणून एक प्रत मलकापूरला. पोस्टमास्तरनं शिक्का मारला तेव्हा वाटलं छाती हलकी होईल. झाली नाही.

२५ नोव्हें.

मुदत संपली. हरकत वेळेत पोचली, तार आली. मामांनी पेढे आणवले. मला जाईना.

निकाल कधी? "वर्ष. दोन वर्षं. सरकार आहे ते."

२९ नोव्हें., उंद्री

बाजाराला आलो. मामांनी नको म्हटलं होतं.

शेठनं वेळ घालवलेला नाही. त्याचा माणूस बाजाराच्या तोंडाशी दोरा उसवलेली गिरणीची कांबळी घेऊन बसलाय आणि माझी जबानी मराठीत करून वाचतोय. मजेत, हातवारे करत. "मेलेल्याचा दोरा! लिहून देलं हो त्याईच्याच मानसानं!" माझं नावही वाचतो. पोरं दात काढतात. मी दगड उचलला होता. सखारामबुवांनी मनगट धरलं, दगड हातातून काढून घेतला आणि घोंगडं उडू नये म्हणून कोपऱ्यावर ठेवला.

सकाळपासून कुंडखेडच्या रांगेत एक घोंगडं विकलं गेलं नाही. लाल दोऱ्याचं नाही, बिनदोऱ्याचंही नाही. लोक दुरून पाहतात, बायका लेकरांना पलीकडून नेतात. रांगेत कोणी माझ्याशी बोलत नाही. स. बसली आहे, पदर घट्ट. तिच्याकडे पाहायला मला तोंड नाही.

दुपार कलली तेव्हा एक म्हातारी आली. बोलण्यावरून जालन्याकडची. सगळी घोंगडी उलटीपालटी केली. एकाचा काठ बोटांनी चाचपत गेली आणि लाल दोऱ्यावर थांबली.

"ह्योच का मेल्याचा दोरा म्हनत्यात तो?"

सखारामबुवा : "हाव."

बाजारात, गिऱ्हाइकाला, पहिल्यांदा.

"बाप्या का बाई?"

बुवांनी शेजारी पाहिलं. ज्याचं घोंगडं तो दौलत शेजारी बसलेला. बायको दसऱ्याआधी गेली त्याची. तो म्हणाला, "बाई."

म्हातारीनं घोंगडं खाली ठेवलं नाही. उचललंही नाही. दोऱ्यावर अंगठा फिरवत राहिली.

"माझी सून बाळंतीन हाय, पहिलटकरीन. तिच्या अंगावर घालायचंय." मग वाकून दौलतच्या तोंडाकडे पाहत विचारलं, "कशी होती रं ती? मायाळू होती का?"

त्यांच्यात बोलत नाहीत गेलेल्याबद्दल. सगळी रांग दौलतकडे पाहायला लागली. शेठचा माणूससुद्धा वाचायचा थांबला. दौलतनं एकदा बुवांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. डोक्याचं फडकं काढून मांडीवर ठेवलं. घसा साफ केला.

म्हातारी तशीच उभी, हात काठावर.